पाइपलाइन स्वच्छ, तरी छातीत दुखतं

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातल्या दुपारच्या सत्रातलं भाषण. बोलणं शक्यतो जसंच्या तसं ठेवलं आहे.)



संयोजकांनी मला विषय दिला होता, 'साठीनंतरचं आरोग्य'. तो मी बदलून मागितला. मीठ कमी खा, चाला, वेळेवर झोपा, हे तुम्हाला घरी मुलं-सुना रोज सांगतात. त्यासाठी मला माइकसमोर उभं करायची गरज नाही. शिवाय आतमध्ये तांबडा-पांढरा उकळतोय, वास इथवर येतोय. अशा वेळी पथ्याचं बोलणाऱ्या डॉक्टरला कोल्हापुरात कोण विचारतो? म्हणून एकच गोष्ट घेऊन आलोय. छातीत दुखतं, अँजिओग्राफी करतात, ती स्वच्छ येते. घरचे पेढे वाटतात. आणि ज्याचं दुखतं त्याचं दुखतच राहतं. त्यातल्या काही जणांचं दुखणं हृदयाच्या वायरिंगमधलं असतं. त्याबद्दल बोलतो.

पाइपलाइन म्हणजे काय ते कोल्हापूरकराला समजावून सांगावं लागत नाही. काळम्मावाडीची थेट पाइपलाइन येणार, येणार, यात आपली अर्धी हयात गेली. २०२३ च्या दिवाळीत एकदाचं पाणी आलं. पण धरण भरलेलं असलं, पाइप धड असला, तरी उपसा पंपाची वीज गेली की आपल्या नळाला पाणी नाही. हृदयाचंही तसंच. त्याला रक्त पुरवणाऱ्या रक्तवाहिन्या ही पाइपलाइन. तिच्यात गाठ अडकली की हार्ट अटॅक. हे आता पोराटोरांनाही ठाऊक आहे. पण हृदयाला स्वतःची वीज असते, ती वाहून नेणाऱ्या तारा असतात, याचा पत्ता बहुतेकांना रिपोर्ट हातात पडेपर्यंत नसतो.

ही वीज उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात, अगदी वरच्या टोकाला असलेल्या पेशींच्या लहानशा पुंजक्यात तयार होते. त्याला सायनस नोड म्हणतात. विश्रांतीत मिनिटाला साठ ते शंभर वेळा तिथून ठिणगी पडते. ती वरच्या दोन्ही कप्प्यांत पसरते आणि मधल्या एका चौकात येऊन थांबते, तो ए.व्ही. नोड. दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला थांबतो तशी ती तिथे सेकंदाच्या साधारण दहाव्या भागाइतकी थांबते. तेवढ्यात खालचे कप्पे रक्ताने भरून घेतात. मग सिग्नल सुटतो. पुढे एक जाड तार, तिला दोन फाटे, डावा आणि उजवा, आणि त्यांच्या बारीक फांद्यांतून वीज एकदम सगळ्या स्नायूत जाते. खालचं सगळं हृदय एका दमात आवळलं जातं. याला लागणारा वेळ ई.सी.जी.च्या कागदावर तीन लहान चौकोनांच्या आत असतो, म्हणजे ०.१२ सेकंदापेक्षा कमी.

आपले विज्ञानाचे सर समोर बसलेत म्हणून एक गोष्ट त्यांच्यासाठी. हे वायरिंग सापडलं ते तुकड्या-तुकड्यांनी, आणि शेवटच्या टोकाकडून. बारीक फांद्या पुर्किन्ये यांनी १८३९ मध्ये पाहिल्या, मधली जाड तार विल्हेल्म हिस यांनी १८९३ मध्ये. जर्मनीत शिकायला आलेल्या सुनाओ तावारा या जपानी तरुणाने १९०६ मध्ये तो मधला चौक शोधला आणि सगळ्या तारा जोडून दाखवल्या. पण वीज सुरू होते कुठे, हे बाकी होतं. आर्थर कीथ नावाच्या स्कॉटिश शास्त्रज्ञाकडे मार्टिन फ्लॅक नावाचा वैद्यकीचा विद्यार्थी होता. एके दिवशी कीथ पत्नीसोबत सायकलवर फेरफटका मारायला गेले. परत येतात तर हा पोरगा उत्साहाने वाट बघत उभा. मोल नावाचा जमीन उकरणारा छोटा प्राणी असतो, त्याच्या हृदयात त्याला तो पुंजका दिसला होता. १९०७ मध्ये दोघांनी तो प्रसिद्ध केला. सर, तुम्ही आम्हाला प्रयोगशाळेत एकटं सोडलं असतं तर आम्ही काय शोधलं असतं ते सांगवत नाही. पण मास्तर सायकलवर गेल्यावरही विद्यार्थी काम करत असल्याचा हा एक पुरावा इतिहासात आहे.

आता मुद्द्यावर येतो. त्या दोन फाट्यांपैकी डावा फाटा बंद पडला तर काय होतं? वीज उजव्या बाजूने उतरते आणि डावीकडे वळसा घालून, स्नायूतून रांगत रांगत पोचते. मधला पडदा आधी आवळतो, डावी भिंत उशिरा. आपल्यातले चार-पाच जण शिवाजी उद्यमनगरात आयुष्यभर इंजिनांत हात काळे करून बसलेत, त्यांना हे माझ्यापेक्षा लवकर कळेल. पेट्रोल येतंय, पंप चांगला आहे, पण टायमिंग हुकलंय. इंजिन ठोकायला लागतं. या अवस्थेला लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक म्हणतात.

आणि हा 'ब्लॉक' शब्द फार घोटाळे करतो. रिपोर्टवर तो वाचला की घरचे विचारतात, "किती टक्के ब्लॉक आहे? स्टेंट टाकावा लागेल का?" ब्लॉकेज पाइपातलं, ब्लॉक तारेतला. तारेतल्या ब्लॉकला स्टेंटचा काडीचा उपयोग नाही. बहुतेकांना हा ब्लॉक असला तरी काहीच दुखत नाही. तो दिसला की बी.पी., हृदयाचा स्नायू, झडपा, रक्तवाहिन्या हे सगळं तपासावं लागतं, कारण कित्येकदा मूळ आजार तिथे असतो. उजव्या फाट्याचा ब्लॉक पुष्कळदा निरुपद्रवी निघतो. पण अगदी थोड्या लोकांत डावा फाटा मधूनच बंद पडतो, मधूनच चालू होतो, आणि बंद पडताक्षणी छातीत कळ येते. रक्तवाहिन्या स्वच्छ, हृदयाची ताकद चांगली, आणि तरी कळ. जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांत असे मोजकेच रुग्ण नोंदवलेले आहेत. २०१६ मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी असे रुग्ण एकत्र करून त्याची ओळखायची लक्षणं मांडली. कळ नेमकी कशामुळे येते यावर अजून एकमत नाही. भिंती मागेपुढे आवळल्या जातात त्यातूनच येत असावी, असं मानणारे अधिक आहेत.

असा एक रुग्ण आपल्या वर्गात आहे. ती आज इथे आहे. सांग म्हणाली, नाव मात्र घेऊ नको म्हणाली. तेव्हा उगाच माना वळवून शोधू नका.

तिला सकाळी विद्यापीठाच्या आवारात चालायची सवय होती. सपाटीला काही नाही. चढ लागला, पाय उचलला, की छातीच्या मधोमध कळ. तिचे शब्द होते, "कुणीतरी बटण दाबल्यासारखी सुरू होते आणि बटण बंद केल्यासारखी थांबते." हळूहळू वाढणारी नाही, हळूहळू ओसरणारी नाही. हे वाक्य तिने तीन ठिकाणी सांगितलं होतं. एका ठिकाणी पित्ताच्या गोळ्या मिळाल्या. दुसरीकडे अँजिओग्राफी झाली, स्वच्छ आली, आणि "काही नाही, टेन्शन घेऊ नका" म्हणून घरी पाठवलं. तिसऱ्या ठिकाणी तिच्या यजमानांना बाजूला घेऊन विचारलं, घरात सुनेशी पटतं ना? सुनेशी उत्तम पटत होतं. त्या प्रश्नानंतर मात्र सून बिचारी महिनाभर चोरट्यासारखी वागली.

पुरुषाच्या छातीत दुखलं की घर धावतं. बाईच्या छातीत दुखलं की घर ओवा शोधतं. माझ्या पस्तीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये यात फार फरक पडलेला मी बघितला नाही. आणि एकदा 'मनाचं दुखणं' असा शिक्का बसला की ती बाई स्वतःच सांगायचं बंद करते. हिने तेच केलं. चालणं सोडलं, जिना टाळला, नातवाला कडेवर घेणं सोडलं. दुखण्यापेक्षा हे नुकसान मोठं.

ती माझ्याकडे आली ती नातवाच्या बारशाचं आमंत्रण द्यायला, म्हणजे दुसऱ्या नातवाच्या. बोलता बोलता ते बटणाचं वाक्य आलं. मी तिला ट्रेडमिल टेस्टला पाठवलं आणि सोबत गेलो. पट्टा फिरत होता, ठोके वाढत होते, ई.सी.जी. छान. ठोके ११२ झाले आणि स्क्रीनवरची रेघ एका ठोक्यात बदलली. अरुंद होती ती रुंद झाली. त्याच क्षणी तिने हात छातीवर ठेवला. तिला स्क्रीन दिसत नव्हता. पट्टा थांबवला, ठोके उतरत गेले, शंभरच्या खाली आल्यावर रेघ पुन्हा अरुंद झाली. ती म्हणाली, "गेली बघ." तंत्रज्ञ मुलगी माझ्याकडे बघत राहिली. आम्ही तो कागद तिच्या यजमानांना दाखवला, आणि सुनेला तर मुद्दाम बोलावून दाखवला.

उपाय काय झाला? आधी ठोके फार वाढू न देणारी गोळी. त्याने निम्मं काम झालं. मग पुण्यात पेसमेकर बसवला, पण नेहमीच्या पद्धतीने नाही. अलीकडे पेसमेकरची तार नुसती स्नायूत न टेकवता थेट त्या डाव्या फाट्यापाशी नेऊन बसवता येते. म्हणजे तुटलेल्या जागेच्या पुढून वीज सोडायची. त्याने रेघ अरुंद होते, आणि अशा रुग्णांची कळ थांबल्याच्या नोंदी आहेत. हिची थांबली. आता ती चढ चढते आणि यजमान मागे राहतात.

हे ऐकून कुणी घरी जाऊन असं म्हणू नका की डॉक्टरसाहेब म्हणाले, छातीत दुखणं वायरिंगचंही असतं. छातीत दुखलं, दाब आला, घाम फुटला, डावा हात किंवा जबडा भरून आला, तर तो हार्ट अटॅकच आहे असं धरून चालायचं. वायरिंग वगैरे नंतर. पूर्वी नसलेला डाव्या फाट्याचा ब्लॉक आणि छातीत दुखणं एकत्र दिसलं, तर तेही आम्ही अटॅकच समजून धावपळ करतो, कारण त्या रुंद रेघेमागे अटॅकच्या खुणा झाकल्या जातात. १०८ ला फोन करा. त्या गाडीत डॉक्टर असतो आणि पैसे लागत नाहीत. मित्राच्या ॲक्टिव्हावर मागे बसून दवाखान्यात जायचं नाही. हे मी आपल्यातल्या एका विशिष्ट माणसाकडे बघून म्हणतोय, त्याला कळलंय.

आणि जायचं ते दुखत असतानाच. वायरिंगचा दोष लपंडाव खेळतो. दुखणं थांबल्यावर काढलेला ई.सी.जी. कोरा करकरीत येऊ शकतो, आणि मग पुन्हा तेच पित्त आणि तेच टेन्शन. दुखताना काढलेली एक रेघ नंतरच्या दहा तपासण्यांपेक्षा जास्त सांगते. रोज होत असेल तर चोवीस तास अंगावर लावायचं होल्टर नावाचं यंत्र मिळतं. अजून एक साधं काम आज घरी गेल्यावर करा. तुमचा जुना ई.सी.जी. कपाटातून काढा आणि मोबाइलवर त्याचा फोटो घेऊन ठेवा. तो कागद उष्णतेवर छापलेला असतो, काही वर्षांत पुसट होत जातो. फायलीत जपून ठेवलेला कागद कोरा निघाल्याचं मी किती वेळा पाहिलंय. जुना ई.सी.जी. समोर असला की हा ब्लॉक आजचा की दहा वर्षांपूर्वीचा, हे तुमच्या डॉक्टरला एका मिनिटात कळतं. रात्री दोन वाजता ते एक मिनिट फार किमतीचं असतं.

वायरिंगच्या दुसऱ्या तऱ्हा थोडक्यात सांगतो. कधी तारांमध्ये एखादा जास्तीचा फेरा असतो आणि ठोके अचानक दीडशे-दोनशेवर जातात. हृदयाच्या स्नायूला स्वतःचं रक्त मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधल्या विश्रांतीत मिळतं. ठोके वाढले की ती विश्रांती संपते, म्हणून पाइप स्वच्छ असूनही छाती दुखू शकते. ही तऱ्हा तरुणांतही दिसते, आणि तो जास्तीचा फेरा आतून जाळून टाकला की बहुतेकदा कायमची बरी होते.

उलट तऱ्हा म्हणजे ठोके मंद होणं. खासबागेत घाम गाळलेल्या पैलवानाची नाडी पंचेचाळीस असली तर ते मेहनतीचं फळ. साठीतल्या माणसाची नाडी पंचेचाळीस आणि सोबत चक्कर, अंधारी, धाप, तर ते तालमीचं श्रेय समजू नका. माझ्याकडे एक निवृत्त शिक्षक आले होते, नाडी चाळीस, दोनदा पडलेले. पेसमेकरची भाषा सुरू झाली होती. औषधं विचारली तर म्हणाले, फक्त डोळ्यांत थेंब घालतो. काचबिंदूचे काही थेंब, टिमोलॉलचे, डोळ्यांतून रक्तात जातात आणि ठोके मंद करतात. डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगून थेंब बदलले, नाडी पासष्टवर आली. तेव्हा डॉक्टरकडे जाताना थेंब, काढे, चूर्ण, सगळं पिशवीत घालून न्या. आणि विषय निघालाच आहे तर, कुंपणाला लावतो ती पिवळी बिट्टी. तिच्या बियांचं विष हृदयाच्या याच तारा बंद पाडतं. अंगणात नातवंडं खेळत असतील तर लक्ष असू द्या.

पेसमेकर म्हटलं की आपल्याकडे चेहरे पडतात. पहिला पेसमेकर शरीरात बसवला तो स्टॉकहोममध्ये, ८ ऑक्टोबर १९५८ रोजी. रुग्ण आर्ने लार्सन, वय त्रेचाळीस, दिवसातून वीस-तीस वेळा बेशुद्ध पडायचा. त्याची बायको डॉक्टर आणि इंजिनिअरच्या मागे लागली, आणि रुने एल्मक्विस्ट यांनी बूट पॉलिशच्या डबीचा साचा करून त्यात यंत्र ओतलं. ओके सेनिंग यांनी ते बसवलं. पहिलं यंत्र काही तासच चाललं. पुढे आयुष्यात त्याला सव्वीस पेसमेकर लागले, पण माणूस २००१ पर्यंत जगला, शहाऐंशी वर्षांचा होऊन. यंत्र बनवणारा आणि बसवणारा, दोघेही त्याच्या आधी गेले.

आताची बॅटरी साधारण आठ ते बारा वर्षं चालते. मोबाइल वापरा, फक्त त्या बाजूच्या खिशात ठेवू नका. उद्यमनगरवाल्यांनी वेल्डिंगला हात घालण्यापूर्वी डॉक्टरला विचारा. गणपतीत डॉल्बीच्या भिंतीला छाती लावून नाचायचं नाही; त्या स्पीकरमध्ये मोठी चुंबकं असतात. आवाजामुळे इतरांचं काय होतं तो वेगळा विषय, त्यावर बोललो तर मला पेठेत राहू देणार नाहीत.

आणि एक अवघड गोष्ट, पण आपण आता त्या वयात आहोत. पेसमेकर असलेल्या माणसाचं दहन करण्यापूर्वी तो काढावा लागतो. आगीत त्याची बॅटरी फुटते. आपल्या पंचगंगा स्मशानभूमीत शेणींच्या चितेजवळ माणसं किती जवळ उभी असतात ते तुम्हाला माहीत आहे. घरच्यांना हे आधी सांगून ठेवा आणि पेसमेकरचं कार्ड कुठे आहे तेही सांगा.

शेवटचा विषय फुटबॉलचा, म्हणजे आता मागच्या बाकावरचे जागे होतील. १२ जून २०२१, युरो कप, कोपनहेगनमध्ये डेन्मार्क विरुद्ध फिनलंड. पेठापेठांतून लोक टीव्हीसमोर होते. ख्रिस्तियन एरिक्सन, एकोणतीस वर्षांचा गडी, कुणाचा धक्का नाही की टक्कर नाही, चालता चालता कोसळला. हृदय थांबलं होतं. अशा वेळी वीज नुसती सैरावैरा धावत असते, हृदय थरथरतं, पण रक्त पुढे जात नाही. मैदानावरच छाती दाबायला सुरुवात झाली, शॉक दिला, तो शुद्धीवर आला. पुढे त्याच्या छातीत शॉक देणारं यंत्र बसवलं. इटलीत ते यंत्र घेऊन खेळायला परवानगी नव्हती, म्हणून तो इंग्लंडला गेला, आणि २०२४ च्या युरोमध्ये त्याने गोलही मारला.

कोल्हापुरात 'सीपीआर' म्हटलं की रिक्षावाला थोरल्या दवाखान्याकडे वळतो. मी म्हणतोय तो दुसरा सीपीआर, छाती दाबण्याचा. माणूस कोसळला, हाक मारून उत्तर नाही, श्वास नीट नाही, तर पहिल्या सीपीआरला पोचेपर्यंत हा दुसराच कामाला येतो. कुणालातरी १०८ लावायला सांगायचं आणि छातीच्या मधोमध दोन्ही हात ठेवून दोन इंच खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा दाबत राहायचं.

शाळेला आपल्या तुकडीतर्फे काय द्यायचं यावर सकाळी वाद झाला. कमान की संगणक. माझी सूचना अशी की त्यातल्या थोड्या पैशांत शॉक देणारं एक यंत्र घ्यावं, मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर लावावं आणि नववी-दहावीच्या मुलांना ते शिकवायला मी दर वर्षी येईन. यंत्र स्वतःच बोलून सूचना देतं, आणि गरज नसेल तर शॉक सोडतच नाही, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. ठराव जेवणानंतर मांडतो.

सरावाची बाहुली मी सोबत आणली आहे. चहाच्या वेळी सातवी 'ब'च्या वर्गात ठेवतो. गुडघे दुखतात त्यांनी बाकावर ठेवून दाबलं तरी चालेल. पहिला नंबर पी.टी.च्या सरांचा, त्यांनी आपल्याकडून जितके जोर काढून घेतलेत, त्यातले शंभर आज त्यांच्याकडून मोजून घेऊ.